आवाज कुठे कापायचा

खालचा

आवाज एकाच तारेतून येतो. ढोलकी, पेटी, बाईचा गळा, सगळं एकत्र. स्पीकरपाशी आल्यावर त्याचे दोन भाग करायचे. जाड आवाज मोठ्या पडद्याच्या स्पीकरला, बारीक आवाज छोट्या ट्वीटरला. जाड आवाज छोट्याकडे शिरला तर त्याचा पडदा फाटतो. बारीक आवाज मोठ्याकडे गेला तर वाया जातो. म्हणून मध्ये क्रॉसओव्हर बसवायचा. मोठ्याच्या वाटेवर तांब्याच्या तारेची कॉइल, छोट्याच्या वाटेवर कंडेन्सर. कंडेन्सर लहान घेतला तर अगदी बारीक तेवढंच पुढे जातं. मोठा घेतला तर त्यामागून जाडही घुसतं. म्हणजे आवाज कुठे कापायचा, ते आधी ठरवायचं.

एवढंच. बाकी कान.

खालापूर फाट्यावरचा गजा प्रत्येक गिऱ्हाइकाला असंच सांगायचा. एवढंच शेठ, बाकी कान. आणि हसायचा. कुंभिवलीपासून खोपोलीपर्यंत ज्याने म्हणून गाडीत टेप बसवला, त्याची गाडी एकदा तरी गजाच्या दारात उभी राहिली होती.

त्याच गजाचे कान गेले होते.

पूर्ण नाही. वरचे, बारीक आवाजाचे, गेले होते. तरुणपण साजगावच्या एका कारखान्यात गेलं, सळया ठोकायच्या शेडमध्ये. पहिल्यांदा सायकलची घंटी गेली. मग कुकरची शिट्टी. मग बायकोच्या, गौराबाईच्या, बोलण्यातला स गेला, मग त, मग क. अ आ ई ऊ राहिले. माणसं बोलायची ती भिंतीपलीकडून बोलल्यासारखी. गजा ओठ बघायला शिकला. समोरून बोललेलं समजायचं, पाठीमागून बोललेलं नाही.

हे गौराबाईला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नाही. ज्या दिवशी फाट्यावर कळेल की टेपवाल्याला ऐकू येत नाही, त्या दिवशी दुकानाला फळ्या लागतील, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याला दुसरं काही येत नव्हतं.



भिवाजीशेठची अँबॅसिडर

"गजा, मागल्या शिटेवर बायको बसली की कान धरून बसती रं. म्हणती डोक्यात सुया टोचतात."

"नवीन हाय शेठ. हप्त्याभरात मऊ पडंल."

"ट्वीटर काय चपला हायती का, वापरून मऊ पडायला?"

गजा हसला. शेठ हसला नाही.

"आन माझं कुत्रं गाडीत बसंना झालंय. पयले उडी मारून बसायचं."

"कुत्र्याला गाणी आवडत नसतील."

"मग काय भजनं लावू?"

गौराबाई चहा घेऊन आली. कप ठेवताना तिने तोंड गजाकडे केलं आणि ओठ पूर्ण उघडून, सावकाश म्हणाली, "अवो, बारीक आवाज लई चढलाय. कमी करा."

"तुझी बायको तुझ्यापेक्षा शानी हाय," शेठ म्हणाला.

गजाने मागचा पत्रा खोलला. मोठा कंडेन्सर काढला, लहान घातला. शेठने टेप लावला. मान डोलावली. जाताना हात वर केला.

गजासाठी ती गाडी मेली होती. टेप लागला होता, ट्वीटरवर बोट ठेवलं तर थरथर लागत होती, आणि त्यातून काहीही येत नव्हतं. लोकांना जे बरोबर ते त्याला मुकं. त्याला जे जिवंत वाटायचं त्याच्या लोकांना सुया.

हे त्याला त्या दिवशी स्वच्छ समजलं. तेव्हापासून प्रत्येक गाडीला शेवटचा हात फिरवताना गौराबाई जवळ लागायची. ती नुसती उभी राहायची. पदर डाव्या खांद्यावर घेतला की जास्त झालं. उजव्या खांद्यावर घेतला की कमी. गिऱ्हाईक समजायचं, बाईला उकडतंय.



वरचा

भोपाळ झाल्यावर सगळेच कारखाने घाबरले. नदीकाठच्या एका कारखान्याने एक जीप घेतली. क्लोरीन सुटला तर आजूबाजूच्या गावांना आणि वाड्यांना सांगत फिरायचं. सेफ्टीचे साहेब स्वतः गजाच्या दुकानात आले.

"आवाज लांब गेला पाहिजे. डोंगरावरच्या वाडीला ऐकू गेलं पाहिजे. होईल?"

"व्हईल साहेब."

"गाडी इथे आणता येणार नाही. तुम्ही आत येऊन बसवा. पास देतो."

एकाच माणसाचा पास. बाईमाणसाला गेटच्या आत घेत नसत.

गौराबाई रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "नका घेऊ ते काम." त्याने ताटात बघितलं. ताटात बघितलं की तिचे ओठ दिसत नसत.

कारखान्याच्या आवारात जीप उभी. मागे स्पीकरचे दोन मोठे खोके, टपावर लग्नाच्या गाडीवरचे दोन छोटे भोंगे. गजाने रीतीप्रमाणे लहान कंडेन्सर लावला. मोठ्या खोक्यांत जाड आवाज, भोंग्यांत बारीक. माइकवर धाऊ होता. हा गेटवरचा वॉचमन, वरच्या ठाकरवाडीतला. वाडीला त्याचा आवाज ओळखीचा, म्हणून साहेबांनीच त्याला निवडलं होतं.

"बोल धाऊ."

धाऊ बोलला. गजाला खोके ऐकू आले. भोंगे झोपलेले.

साहेब जवळ उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ते खूश आहेत का वाट बघताहेत? पदर घेणारं कुणी नव्हतं. गजाने भोंग्यावर बोट ठेवलं. थरथर होती. पण थरथर ती किती? लांबवर पोहोचेल एवढी? नाही पोहोचली तर साहेब विचारतील, तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?

त्याने लहान कंडेन्सर काढला. मोठा लावला. पुन्हा डाख दिला.

"बोल."

आता भोंगे बोलले. गजाला धाऊच्या आवाजाची धार लागली. त्याला बरं वाटलं. साहेबांनी दोन्ही कानांवर हात घेतले आणि हसत म्हणाले, "वा! हे तर खोपोलीत ऐकू जाईल."

धाऊ माइक ठेवून आला. त्याने तोंड वाकडं केलं होतं. "दादा, फाटतोय आवाज. कडंला चरचरतंय."

"मोकळ्यावर चांगला लागंल."

"लई जोरात झालंय वाटतं."

"तू गॅस सुटल्यावर हळू बोलणार हायस का?"

धाऊ हसला. "नाय, तवा बोंबच मारंन."

त्या छोट्या भोंग्यांच्या पडद्याला एवढा जाड आवाज झेपणारा नव्हता. थोडा वेळ झेपेल. बोंब मारली तर नाही. गजाला हे ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाच्या गाडीत असला मोठा कंडेन्सर बघितला असता तर त्याने फिटरला शिव्या घातल्या असत्या.

साहेबांशी हात मिळवून तो बाहेर पडला.



तालीम

महिन्यातून एकदा तालीम व्हायची. जीप वाडीखालच्या रस्त्यावर, नाल्याच्या मोरीपाशी थांबायची. धाऊ माइकवरून हाका मारायचा आणि सगळी वाडी उतारावरून खाली यायची. साहेब त्यांना रांगेत बसवायचे. ओला फडका तोंडाला कसा बांधायचा ते दाखवायचे. हा गॅस जड असतो, तो खाली बसतो, म्हणून वर जायचं, डोंगराकडे जायचं, असं सांगायचे. मग बिस्किटांचे पुडे. मग फोटो.

धाऊची बायको जना सगळ्यांच्या आधी खाली यायची.

"तुजा माणूस बोलवतोय म्हून पळत येतीस व्हय गं?" बायका म्हणायच्या.

"बिस्किटांसाठी येते. माणूस घरात फुकट मिळतोय."

साहेब विचारायचे, "खरा गॅस सुटल्यावर कुठे जायचं?"

"वर!" सगळी वाडी म्हणायची.

म्हणायची. पण वर जायची तालीम कधी झाली नाही. डोंगर चढून साहेबांना दम लागला असता. दर वेळी भोंगा वाजला, लोक खाली आले. दर वेळी.



मधला

मार्चमधली दुपार. वारा पडलेला.

गजा त्या दिवशी जीपची बॅटरी बघायला आत आला होता. टाकीपाशी आरडाओरडा झाला. हवेत ब्लिचिंग पावडरसारखा वास आला, मग नाक जळायला लागलं. ड्रायव्हर पोपट जीपमध्ये उडी मारून बसला, धाऊ पुढे त्याच्या शेजारी माइक घेऊन, गजा मागे अँप्लिफायरपाशी. तिघांनी तोंडाला फडके बांधले. तिघांचेही ओठ फडक्याआड गेले.

पिवळसर हिरवा पट्टा नाल्याच्या कडेने जमिनीलगत सरकत होता. घाईत नव्हता. जीप त्याच्या पुढे होती.

धाऊने फडका वर करून बोलायला सुरुवात केली:

गॅस सुटलाय. खाली येऊ नका. वर जा. तोंडाला ओला फडका बांधा. खाली येऊ नका.

गजाने आवाज पूर्ण चढवला. धाऊ खरंच बोंब मारत होता. वाडीचा उतार यायच्या आधी, वळणावर, टपावरच्या दोन्ही भोंग्यांचे पडदे फाटले. आधी डावा, पाठोपाठ उजवा.

त्या क्षणापासून जीप फक्त मागच्या खोक्यांमधून बोलत होती.

पोपटला काय ऐकू आलं: वरून चर्र झालं आणि आवाज एकदम दबला. त्याने मान मागे वळवली आणि फडक्यातून ओरडला, "दादा, भोंगं गेलं! नुसता घुमतोय! थांबवू का?"

धाऊला काय ऐकू आलं: स्वतःचा आवाज, स्वतःच्या गळ्यातला. बोलणाऱ्याला तोच ऐकू येतो.

वाडीला काय ऐकू आलं:

ॲ उ आ. आई एऊ अआ. अ आ. ओंआआ ओआ अआ आंआ. आई एऊ अआ.

गजाला काय ऐकू आलं: खोक्यांना लागून बसलेल्या त्याला सगळं नेहमीसारखं.

जीप आता तशीच बोलत होती जसं जग त्याच्याशी कितीतरी वर्षं बोलत होतं. त्यात त्याला काही कमी वाटलं नाही. पोपटचे डोळे त्याला फडक्यावर दिसले, काहीतरी विचारणारे. काय विचारतोय ते कळलं नाही. पुन्हा बोल, असं म्हणायला हवं होतं. फडका काढून बोल, असं म्हणायला हवं होतं. तसं तो आजवर कुणालाही म्हणाला नव्हता. त्याने हात पुढे केला. चल. चल.

पोपटने गाडी दामटली. मोरी ओलांडून जीप पुढच्या गावाकडे गेली. मागे कुणी बघितलं नाही.

वाडी त्या उतारावर वर होती. गॅस तिथपर्यंत चढलाच नाही. तो नाल्यात राहिला, मोरीवर राहिला, रस्त्यावर गुडघाभर, मग कमरेएवढा. जे घरात बसून राहिले, जे झोपले होते, जे रानात गेले होते, त्यांना नुसता वास आला.

जे भोंगा ऐकून खाली आले ते मोरीपाशी रांगेत बसले होते. जीप पुढे गेली आहे, परत येईल, मग साहेब येतील, अशा हिशोबाने. वास आला तेव्हा उठले. वर धावायला लागले. धावणारा माणूस जास्त श्वास घेतो.

जना सगळ्यांच्या आधी खाली आली होती.



नंतर

त्या संध्याकाळी सगळे माणसं उचलण्यात गुंतलेले असताना गजाने जीपच्या टपावर चढून भोंगे उघडले. दोन्ही पडदे मधून फाटलेले. त्याने ते सदऱ्याच्या खिशात घातले. पिशवीतले दोन नवे बसवले. मोठा कंडेन्सर काढून लहान लावला.

चौकशीला मुंबईहून माणसं आली. जीप आवारात उभी केली, माइकवर बोलून बघितलं. शब्द न् शब्द स्वच्छ. साहेबांच्या चेहऱ्यावर त्या दिवसानंतर पहिल्यांदाच रंग आला. इशारा दिला होता. लोकांनी ऐकला नाही. असं ठरलं.

घरी गौराबाईने सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशात पडदे मिळाले. ते तिने हातात धरले, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याने ओठांकडे बघितलं, ओठ हलत नव्हते, तरी त्याने नजर काढून घेतली.

दुकान चालू राहिलं. गाड्या येत राहिल्या. ती आता शेवटचा हात फिरवताना बाहेर यायची नाही. गजा अंदाजाने लहान कंडेन्सर लावायचा. सगळ्यांना सारखाच.



धाऊ

धाऊ आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गजा बाकड्यावर कॉइल गुंडाळत होता. गौराबाई त्याच्या पाठीमागे, आतल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"बस धाऊ."

धाऊ बसला नाही. तो बारीक झाला होता. गजाच्या अगदी समोर उभा राहिला. गजाला त्याचे ओठ नीट दिसत होते.

"वाडीत माज्या हातचं पानी कोन घेत नाय, दादा. म्हनतात तूच हाक मारून खाली बोलावलंस. मी म्हनतो, मी बोललो खाली येऊ नका. ते म्हनतात, असं काय बोललाच नायस. नुसता घुमत होतास."

गजाने कॉइल खाली ठेवली.

"पोपट म्हनतो भोंगं गेलं होतं. तो म्हनतो, मी गजादादाला सांगितलं, त्यानं हात केला, चल. साहेब म्हनतात पोपटच्या डोक्यात गॅस गेलाय, भोंगं आमी तपासलं, चांगलं हाय. दोगं दोन बोलतात. तू मागं बसला होतास. तुजं कानाचं काम. तू सांग. माजं शब्द भाईर पडत होतं का?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. गजाला ट्रक नीट ऐकू आला.

"पडत होतं," तो म्हणाला.

"समदं?"

"समदं."

"साफ?"

"साफ. शब्द न् शब्द."

धाऊने मान हलवली.

"म्हंजी जनीनं ऐकलं," तो म्हणाला. "येऊ नका ऐकलं आन तरी आली. मला खोटा समजली? का मी त्या गॅसात हाय म्हून आली?"

"काय म्हाइत."

"दवाखान्यात ती मरताना माज्याकडं बघत होती, दादा. बोलता येत नव्हतं. मला वाटलं इचारती, का बोलावलंस. आता तू म्हनतोस, ऐकलं होतं. मग काय इचारत होती?"

गजाने बाकड्यावरची तार उचलली आणि परत ठेवली.

गौराबाई उठली. मांडीवरचं सूप तिने उंबऱ्यावर ठेवलं. ती गजाच्या पाठीमागे होती आणि तिने आवाज चढवला नाही.

"त्यांना नको इचारू धाऊ. त्यांना ऐकू येत नाय. किती वर्सं झाली. पोपट खरं बोलतोय. भोंगं फाटलं होतं, फाटकं पडदं मी माज्या हातात धरलंत. यांनी त्याच सांजेला बदललं. पोपट बोलला ते यांना कळलंच नसंल, म्हून हात केला असंल. तुजं शब्द भाईर पडलं नायत. जनीला काय ऐकू गेलं नाय. ती तालमीला आली होती बाबा, तुज्यावर इस्वास ठेवून."

गजाला पाठीमागे एक घूं झाल्यासारखं वाटलं. धाऊची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती आणि तिथेच थांबली होती. गजा वळला. गौराबाईचे ओठ मिटलेले होते.

"काय म्हनाली?" त्याने धाऊला विचारलं.

धाऊ बाकड्याला वळसा घालून आत आला. गजाच्या बाजूला उभा राहिला, वाकला, आणि त्याच्या कानापाशी तोंड नेलं. गजाला गालावर गरम श्वास लागला. तो हलला नाही.

"चांगो," धाऊ त्याच्या कानात म्हणाला. थांबला. "आवडी." थांबला. "चिंधी. चिंधीची सासू. धाकलू."

गजाच्या कानात श्वास आला, आणि श्वासामागून काहीतरी गोल, ओलं, कडा नसलेलं.

धाऊ सरळ झाला. पुन्हा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. आता तो तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलला.

"मोरीवर गेलं त्येंची नावं घेतली मी. तुज्या कानात. सांग, कुनाकुनाची घेतली?"

गजाने गौराबाईकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिने पदराला हात लावला नाही. त्याने धाऊकडे बघितलं. धाऊ वाट बघत होता, घाई नव्हती त्याला.

"जना," गजा म्हणाला.

धाऊचे ओठ हलले, आणि या वेळी गजाला प्रत्येक अक्षर दिसलं.

"तिचं नाव मी घेतलंच नाय."